शिंगासारखी मूठ

बार्शीटाकळीच्या बाजारात लोहार विचारला तर लोक गोवर्धनचं नाव सांगत. सुरी घ्यायची असेल तर मात्र "मैनाबाईले इचारा" म्हणत. गोवर्धन हा तिचा नवरा. पातं तो ठोकायचा, पाणी तो द्यायचा, धार तो लावायचा, आणि एवढं करून नाव बायकोचं, म्हणून अधूनमधून चिडायचाही. पण पाती चार गावचे लोहार ठोकतात, तिच्यासारखी मूठ कोणी बसवत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

गिऱ्हाईक आलं की मैनाबाई आधी त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायची आणि म्हणायची, "दाब." माणूस गोळा मुठीत दाबायचा, आणि ती त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत बसायची. कुणाचा अंगठा जोर करतो, कुणाची करंगळी नुसतीच लोंबते, कुणाला घाम सुटतो. बाजारातल्या बाया हसायच्या, "बाई, सुरी कराची हाये का मडकं?" हसा बापड्यांनो. भाजीवाल्या पार्बताबाईची बोटं वाताने वाकडी झालेली. तिला मैनाबाईने वेळूच्या बेटाखालच्या गाठाळ मुळाची मूठ करून दिली. एकेका गाठीवर एकेक वाकडं बोट असं बसलं की पार्बताबाई सुरी हातातून ठेवायलाच तयार होईना. सुइणीला दिली बोरीच्या मुळाची, कारण ओल्या हातातून ती निसटत नाही. एका धनगराला त्याच्याच मेलेल्या एडक्याच्या शिंगाची दिली. तो मूठ हातात धरून रडला आणि वर मेंढीचं दूध देऊन गेला.

लाकूड ती कधी विकत घ्यायची नाही. पुराने उघडी पाडलेली मुळं, वीज पडलेल्या झाडाची गाठ, डोंगरातून टेंभुर्णीची टेंभरं विकायला येणाऱ्या बायांनी आणलेली सांबराची गळून पडलेली शिंगं, असलं काहीबाही ती गोळा करी आणि चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवी. वर्षभर धूर खाल्ल्यावर जे तडकलं नाही तेच मुठीला घ्यायचं, हा तिचा कायदा. सासू त्या आढ्याला मैनेचा उकिरडा म्हणे.

दुसरा कायदा याहून कडक होता. जे सांगितलं तेच मुठीच्या आत. कुणी माळकरी, त्याला हाडाचा विटाळ. कुणाच्या घरी शिंगाची सुरी देवघराजवळ न्यायची नाही. अशी माणसं तिच्या शब्दावर मूठ हातात धरत. मैनाबाईने लाकूड म्हटलं की ते लाकूड, फोडून बघायचं काम नाही. बाईजवळ ना वावर ना सोनं, पण हा शब्द होता आणि तिला तो पुरत होता.

मग कापसाचे दिवस आले. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची एकाएकी आठवण झाली. भाव चढला तसे लोकही चढले. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस. कुणी तुळशीच्या ओट्यावर सरकी टोचली असती तरी नवल वाटलं नसतं. काल ज्यांच्या पायात खेटर नव्हतं ते बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या घालू लागले. गाड्यांच्या रांगाच्या रांगा खामगावकडे निघायच्या, आणि गाडीचं भाडं असं झालं की ज्याच्याजवळ बैलजोडी तो राजा. गोवर्धनला चाकांच्या लोखंडी धावा चढवता चढवता जेवायला फुरसत मिळेना. सुऱ्यांकडे बघायला आता एकटी मैनाबाईच उरली.

त्या साली माघात नत्थुजी तिच्याकडे आला. नदीकाठचा पानमळा त्याचा आणि त्याचा धाकटा भाऊ वामनराव याचा. नत्थुजी मळा बघायचा, वामनराव अमरावतीला राहून पानं विकायचा. पानमळ्याचं सोवळं साऱ्या गावाला माहीत. आत जोडे घालून जायचं नाही. चामडं न्यायचं नाही, हाड न्यायचं नाही, शिंग तर नाहीच नाही. नागवेल नाजूक आणि मानी, तिला विटाळ झाला की ती बसते, म्हणजे मरून जाते. आता ज्या मोटेचं पाणी ती पिते ती मोट अख्खी कातड्याची. पण मोट राहते विहिरीवर, पाणी येतं पाटाने, म्हणून चालतं. माणूस आपल्या सोयीपुरता दरवाजा उघडा ठेवूनच सोवळं पाळतो.

"उतरण जवळ आली," नत्थुजी म्हणाला. "वेलीचे बंध कापाले सुरी पाह्यजे. मूठ अशी कर की दिवसभर ओली राह्यली तरी फुगली नाही पाह्यजे."

वर्षातून एकदा वेल आधाराच्या शेवरीच्या झाडांवरून खाली उतरवायची आणि वेटोळं करून मातीत गाडायची, म्हणजे ती नव्याने फुटते. ते काम ओल्या सावलीत पंधरा-वीस दिवस चालतं. मैनाबाईने त्याच्या हातात गोळा दिला, दाबून घेतला आणि विचारात पडली. वेळू ओलाव्याने काळा पडतो. बाभूळ, बोर काटेरी, पानमळेवाले नाक मुरडणार. सागवान पाणी पितं. शिंग पाणी पीत नाही, पण शिंग तिथे चालत नाही. मग शिंगासारखं पाणी न पिणारं लाकूड कोणतं?

तिला पातूरच्या डोंगरउतारावरचं एक टेंभुर्णीचं झाड आठवलं. ते म्हातारं होऊन पडलं होतं आणि तिथेच कुजत होतं. मोळीविके त्याला हात लावत नसत, कारण टेंभुर्णी चुलीत घातली की तडतडते आणि ठिणग्या उडवून बायांची लुगडी जाळते. मैनाबाई गेल्या साली कुऱ्हाड घेऊन गेली होती. बाहेरचं लाकूड किड्यांनी खाऊन टाकलेलं, पण आत मनगटाएवढा काळाकुट्ट गाभा जसाच्या तसा. तो दगडासारखा जड होता आणि पाण्यात टाकला की बुडत होता. तेव्हापासून तो आढ्याला टांगून होता, आणि तडकला नव्हता.

त्या गाभ्यावर तिने दोन कानशी बोथट केल्या. आधी वाळूने घासला, मग खापरीने, मग तिळाचं तेल लावून कापडाने. पात्याची शेपटी तापवून पळसाच्या लाखेत बसवली. मूठ जशी गुळगुळीत होत गेली तशी आतून काळी चमक वर आली. तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण हातात असली वस्तू आल्यावर थांबवतं कुणाला? ती आणखी तीन दिवस घासत राहिली. गोवर्धनने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "हे तं म्हशीचं शिंग दिसून राह्यलं!"

मैनाबाई लाजली. आयुष्यात त्याने केलेलं ते एकमेव कौतुक होतं, आणि त्या कौतुकानेच तिचा घात केला.

नत्थुजीने सुरी उलटसुलट करून पाहिली. "शिंग तं नाही ना हे?"

"भाऊ, टेंभुर्णीचा गाभा हाये. पाण्यात टाकून पाहा, वास घेऊन पाहा."

"तुया शब्द हाये म्हणून घेतो," तो म्हणाला. वास मात्र त्याने घेतला, चांगला नाकाला लावून घेतला.

उतरण झाली. आणि त्यानंतर लोहाराच्या भात्यापर्यंत ऐकू येणारी नत्थुजीच्या मोटेची कुरकुर बंद झाली. मैनाबाईच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. कळलं ते फाल्गुनात, नत्थुजीच्या गड्याने गाडी नव्या धावांसाठी दुकानापुढे आणली तेव्हा. गाडीत कापसाची रिकामी पोती रचलेली. गड्याने गाडी उभी केली, आणि बैल उभे राहायचं सोडून मागे मागे सरकू लागले. गाडी ऐरणीवरच येऊन आदळायची बाकी होती. गडी कासरा ओढत ओरडत होता, बैल आपले मागेच. गोवर्धन शिव्या देत बाजूला उडाला, लोक हसले. मैनाबाई हसली नाही. मोट ओढत विहिरीपुढच्या उताराच्या टोकाला थांबायचं आणि मागे सरकत पुन्हा विहिरीशी यायचं, ही सवय फक्त मोटेच्या बैलांना असते. मोटेचे बैल इथे गाडीला, मग मळ्याला पाणी कोण देतं?

कोणीच देत नव्हतं. खामगावच्या एका खेपेचं भाडं पानाच्या महिन्याच्या विक्रीहून जास्त सुटत होतं, आणि नत्थुजी काही वेडा नव्हता. उतरण झालेली वेल म्हणजे बाळंतीण बाई. त्याच दिवसांत तिला पाणी तोडलं. चैत्राच्या उन्हाने उरलेलं काम केलं.

अक्षय तृतीयेच्या आधी वामनराव अमरावतीहून आला. मळ्यात शिरला. शेवरीचे सांगाडे उभे होते आणि खाली वेली काळ्या दोरासारख्या पडल्या होत्या. आजोबाने लावलेला मळा. त्याने कपाळ बडवून घेतलं आणि भावाला विचारलं, "काय केलं तू?"

नत्थुजीने मैनाबाईला बोलावणं पाठवलं.

ती आली तेव्हा मळ्यात वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळे पानमळेवाले, सगळे अनवाणी. गोवर्धनही आला होता. नत्थुजीने सुरी वर धरली. "हे पाहा. हिनं उतरण केली अन् बाग बसली. मी काई कमी केलं नाही. या बाईनं मले शिंग देल्लं."

मैनाबाईला आधी खरंच वाटेना. मग अंगाची आग झाली. "शिंग नाही ते," ती म्हणाली. "इस्तो आणा."

निखारे आले. शिंग जळलं की केस जळल्यासारखी घाण सुटते, हे पोरासोरांनाही माहीत असतं. तिने मुठीचा एक छिलका काढून निखाऱ्यावर टाकला. तडतड ठिणग्या उडाल्या आणि लाकडाचा साधा धूर वर गेला. "छिलक्यानं काय व्हते," नत्थुजी म्हणाला, "आतून काय हाये काय मालूम?" मग तिने मुठीची मागची कडाच निखाऱ्यात धरली. इतके दिवस घासलेली ती चमक तिच्या डोळ्यांदेखत करपली. मैनाबाईने हात मागे घेतला नाही. धूर वामनरावाच्या तोंडावर आला. तो हळूच म्हणाला, "लाकडाचा वास येऊन राह्यला दादा."

संपलं, असं तिला वाटलं. भोळी बाई.

नत्थुजीने सुरी तिच्या हातातून परत घेतली. मग म्हणाला, "असंन लाकूड. पण दिसते काय? शिंग! तुमी पाहून शिंग म्हणता, मी पाहून शिंग म्हणतो, मंग वेलीनं काय समजाचं? तिनं शिंग पाह्यलं अन् धसका घेतला."

"वेलीले काय डोये असते?" मैनाबाई किंचाळली.

गर्दीतला एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "नागवेल हाये बाई. नागाची जात. तिले सारं दिसते."

आणि माना डोलल्या. एक डोलली, दोन डोलल्या, मग सगळ्याच. लाकडाचा वास अजून हवेत होता, आणि त्या वासात उभं राहून ही शहाणी माणसं माना डोलवत होती. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हटलं तरी आधी वडा तळलेला लागतो. इथे कढईच नव्हती.

"मोटेचे बैल कुठं होते?" ती ओरडली. "इचारा त्यायले! आमच्या दुकानापुढं गाडी घेऊन मागं सरकत होते. बाग पाण्यावाचून मेली. माया मुठीनं नाही!"

सगळ्यांनी वामनरावाकडे पाहिलं. वामनराव मळ्याच्या काठाकडे बघत होता. तिथे त्याने काढून ठेवलेले जरीचे नवे जोडे उन्हात चमकत होते. गाड्यांच्या भाड्यातला त्याचा वाटा त्याला अमरावतीला वेळच्या वेळी पोचला होता. त्याने नजर जमिनीकडे वळवली.

गोवर्धनने तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "चुकलं म्हण अन् सुट."

"मायं काय चुकलं?"

"काई नाही चुकलं. तरी म्हण. या लोकायच्या साऱ्या गाड्या आपल्या दुकानात येते. मी काय फक्त सुऱ्या इकू?"

एवढ्या माणसांत एकाने तरी आपल्या बाजूने तोंड उघडावं, आणि तो एक आपला नवरा असावा, एवढीच तिची अपेक्षा होती. ती काही फार नव्हती. मग ती पुढे गेली, मान खाली घालून म्हणाली, "चुकलं." नत्थुजीने सुरी तिच्या पायाशी टाकली. ती उचलून तिने पदरात घेतली आणि घरी आली.

एवढ्यावर भागलं नाही. आधी पानमळेवाले तुटले. मग भाजीवाले, फुलवाले. मग ज्यांचा पानमळ्याशी काही संबंध नव्हता असे लोकही म्हणू लागले की बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, म्हणजे काही तरी असणारच. धनगर दुसऱ्या लोहाराकडे गेला. पार्बताबाईने वेळूची सुरी ठेवली, पण चारचौघांत ती पदराखाली धरू लागली. मैनाबाईने मातीचा गोळा बंद केला. आता सगळ्यांना एकच मूठ, बाभळीची, भसाभस तासलेली. आढ्यावरच्या मुळांना कोणी विचारत नव्हतं. सासूने ती एकेक करून चुलीत घातली, आणि चांगली वाळलेली आहेत म्हणून वाखाणली.

ती करपलेली सुरी मात्र तिने फडक्यात गुंडाळून उतरंडीमागे ठेवली होती. तिच्या मनाशी एक हिशेब होता. लोकांना खरं कळलं नाही, म्हणून हे झालं. नत्थुजी खोटं बोलला, लोक फसले. एक दिवस खरं बाहेर येईल, तेव्हा ही सुरी दाखवायची. मग लोक परत येतील, गोळा पुन्हा भिजवू. या एका आशेवर ती बाई तीन वर्षं बाभूळ तासत राहिली.

मधल्या काळात व्हायचं ते झालं. नत्थुजीने मळा नांगरून कापूस पेरला. सातासमुद्रापलीकडची लढाई मिटली आणि कापसाचा भाव जसा वर चढला तसा खाली आपटला. चांदीच्या साखळ्या बैलांच्या गळ्यातून गेल्या. पानमळा काही परत उभा राहिला नाही. तो एका पिढीने लावायचा आणि दुसरीने खायचा असतो. वामनराव अमरावतीला दुसऱ्यांची पानं विकू लागला.

अकोल्याला आगीनगाडी आली त्या साली, एका बाजारच्या दिवशी, नत्थुजी दुकानात आला. काही घडलंच नव्हतं अशा थाटात पायरीवर बसला. दुकानात आणखी तिघं-चौघं होते, त्यातले दोघे त्या दिवशी मळ्यात माना डोलवणारे.

"मैना, घरात वापराले एक सुरी दे," तो म्हणाला. "आता बाग नाही, ते सोवयं नाही. मस्त म्हशीच्या शिंगाची मूठ पाह्यजे."

मैनाबाई आत गेली, उतरंडीमागून फडकं काढलं आणि करपलेली कडा तळहाताखाली राहील अशी सुरी त्याच्या हातात दिली. नत्थुजीने मूठ आवळली. ती त्याच्याच हाताच्या मापाची होती, बसणारच. अंगठा फिरवला, उजेडात धरली. "वा! याले म्हणते शिंग. आजकाल असं कुठं भेटते?"

"उलटी करा भाऊ," ती म्हणाली. "मागची कडा पाहा. शिंग नाही ते. तेच टेंभुर्णीचं लाकूड हाये. तुमच्याच बागेत जाळलं होतं."

भाता थांबला. मैनाबाई वाट बघत उभी राहिली. आता याचं तोंड उतरेल, आता हे दोघे एकमेकांकडे बघतील, आता गोवर्धनला कळेल.

नत्थुजीने कडा पाहिली, बोटाने काळं खरवडलं. "मले तवाच माईत होतं," तो म्हणाला. "वास का मले नवता आला? पण वामन उरावर बसला होता. त्याले काई तं सांगा लागत होतं."

पाऊस यंदा उशिरा आहे, असं म्हणावं तशा आवाजात तो हे म्हणाला. मळ्यातल्या त्या दोघांपैकी एक जण हसला. "आमाले बी आला होता वास. जाऊ दे मैनाबाई, झालं गेलं. जुनी गोष्ट हाये."

गोवर्धनने पुन्हा भाता ओढायला सुरुवात केली.

कोणी फसलंच नव्हतं. तीन वर्षं ती ज्यांना खरं कळायची वाट बघत होती, त्या सगळ्यांना ते त्याच दिवशी, तिच्याच हातच्या धुरात कळलं होतं.

"हेच दे मंग," नत्थुजी म्हणाला. "मूठ झकास हाये."

"ते इकाची नाही," ती म्हणाली. तिने सुरी त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाभळीची पुढे केली. त्याने कुरकुर न करता ती घेतली आणि गेला.

संध्याकाळी मैनाबाईने ते फडकं चुलीत घातलं. सुरी धुतली आणि वांगी चिरायला बसली. त्या दिवसापासून तिने ती रोजच्या भाजीला लावली. कुणी शेजारीण आलीच आणि एवढी काळीभोर मूठ कशाची आहे म्हणून विचारलं, तर ती मान वर न करता म्हणे, "शिंगाची."